खात्रीचा दुसरा हात

जीव तोडून हरण्यासाठी मी आयुष्यात एकच सामना खेळलो आणि त्यात आम्हाला यश आलं. त्या यशाची किंमत पुढच्या मे महिन्यात चुकवावी लागली. ती मी एकट्यानं चुकवली असती तर आज लिहायला बसलो नसतो.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत बास्केटबॉल चालायचा म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. कबड्डी म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. पण फौजेतून परत आलेले एक ड्रिलमास्तर आमच्या भागात होते. त्यांनी हा खेळ आणला आणि चार आळ्यांनी तो उचलला. खालची आळी आमची. बाकीच्या तीन म्हणजे वरची आळी, बंदरवाडी आणि एसटी स्टँडामागची वस्ती. मैदान म्हणजे एक बंद पडलेली चिरेखाण. जांभ्याचे चिरे कापून नेल्यावर तळ आयता सपाट राहिला होता आणि कडेच्या कापलेल्या पायऱ्यांवर दोनशे माणूस आरामात बसायचं. तळावर माती टाकून, पाणी मारून, आम्ही ती चोपण्यांनी चोपायचो. मग चारही आळ्यांच्या बायका ती शेणानं सारवायच्या. वर चुन्याच्या रेघा. सारवणावर चेंडू जरा मऊ उसळतो. बाहेरून येणाऱ्याला ते कळेपर्यंत अर्धा सामना संपलेला असायचा.

दोन्ही रिंगा दादानं लावल्या होत्या. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. लोहाराकडून सळ्या वाकवून घेतल्या, बंदरावरून मोडक्या होडीच्या फळ्या आणल्या आणि खाली मला शिडी धरायला उभा केला. आमच्या आळीचा संघही त्यानंच उभा केला. पण पहिली स्पर्धा व्हायच्या आतच तो ठाण्याला एका कंपनीत लागला. तिथं तो कंपनीच्या संघातून खेळायचा आणि दर मे महिन्यात गावी यायचा.

मे महिन्यातच आमची स्पर्धा असे, कारण मुंबई-ठाण्याचे लोक तेव्हाच आलेले असत. पहिल्या वर्षी यावरून मारामारी झाली. आमच्या आळीत मुंबईकर पाच आणि बंदरवाडीत एकही नाही. तेव्हा दादानंच मास्तरांना तोड सुचवली, की मुंबईकर कुणाच्याच आळीचा नाही. त्यांना रांगेत उभं करायचं आणि चार कप्तानांनी पाळीपाळीनं एकेक उचलायचा. या पाळीला आमच्याकडे 'हात' म्हणत. पहिला हात कुणाचा? आदल्या वर्षी जो संघ शेवटचा आला त्याचा. पडलेल्याला आधी उठवायचं, असा साधा हिशोब. या नियमामुळे दादा ठाण्याला गेल्यापासून कधीच आमच्या आळीतून खेळला नाही. दरवर्षी त्याला पहिल्या हातात दुसरंच कुणीतरी उचलायचं. तो हसत जायचा, आम्हाला धू धू धुवायचा आणि दुपारी घरी येऊन माझ्याच ताटात जेवायचा.

मग त्याचा डावा गुडघा गेला. कंपनीच्या सामन्यात पडला, महिनाभर प्लास्टरमध्ये होता. नोकरी राहिली, पण संघातून नाव कमी झालं. त्या मे महिन्यात तो आला, पण खेळला नाही. खाणीच्या वरच्या पायरीवर पाय लांब करून बसून असायचा. आणि नेमकं त्याच वर्षी आम्ही ते दिवे लावले.

झालं असं. आम्ही त्याच्या आदल्या वर्षीही शेवटचे होतो, ते अगदी इमानदारीनं. या वर्षी तिसऱ्या-चौथ्या जागेसाठीचा सामना, ज्याला सगळे शेपटाची मॅच म्हणत, आमचा आणि वरच्या आळीचा होता. त्याच्या आदल्या दिवशी बातमी आली, की बंदरवाडीतल्या एका बाईंचा भाचा, सव्वासहा फूट उंच, मुंबईत गोदीच्या संघातून खेळतो, तो पुढच्या मे महिन्यात येणार. म्हणजे शेवटचा येईल त्याला पहिला हात आणि पहिल्या हाताला सव्वासहा फूट. मी तेव्हा आमच्या आळीचा कप्तान होतो. आमच्या डोक्यात जे आलं तेच वरच्या आळीच्याही डोक्यात आलं.

तसा सामना मी पुन्हा बघितला नाही. दोन्ही संघ एकमेकांना अदबीनं वाट करून देत होते. कुणी रिंगेकडे टाकलाच तर चेंडू खाणीच्या भिंतीवर आपटायचा. वरच्या आळीच्या एकाकडून चुकून बास्केट झाली, तर त्याच्याच कप्तानानं त्याच्याकडे असं बघितलं की तो ओशाळून बाजूला झाला. आम्ही त्याहून खाली उतरलो. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे होते. मी चेंडू घेतला, वळलो आणि आमच्याच रिंगेत टाकला. दोन गुण त्यांना आणि पहिला हात आम्हाला. लोक आधी हसले. मग मास्तरांनी गळ्यातली शिटी काढून जमिनीवर टाकली आणि हसणं थांबलं. मी पायरीकडे बघितलं तर दादा उठून निघालेला होता. घरी तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या मे महिन्यात मास्तरांनी खाणीत सगळ्यांची बैठक घेतली. तो उंच भाचा आला होता. त्यानं कुठल्यातरी इंग्रजी मासिकाचं पान जपून आणलं होतं आणि तो मास्तरांच्या शेजारी बसून अर्थ सांगत होता. अमेरिकेत हा खेळ पगारावर खेळतात. तिथंही पडलेल्या संघाला नवा खेळाडू उचलायची पाळी आधी मिळायची आणि तिथंही लोक मुद्दाम हरतात असा बोभाटा झाला. म्हणून त्यांनी सोडतीची पाकिटं आणली. आता शेवटचा आलास तरी पहिला मिळेलच असं नाही.

"बगा," मास्तर म्हणाले, "खालच्या आळीनं केलं ते तिकडं अमेरिकेतपण करतात. आपली मजल कुठवर गेली बगा."

लोक हसले. मी मान खाली घातली. मग त्यांनी दोन नियम सांगितले. पहिला, जो संघ लागोपाठ तीन वर्षं शेवटचा येईल तो स्पर्धेतून बाद. त्याची जागा घ्यायला पाचवी वाडी टपूनच होती. आम्ही दोन वर्षं शेवटचे होतो, त्यातलं एक स्वतःच्या हातानं. दुसरा नियम हातांचा. आता चिठ्ठ्या. पण शेवटच्या संघाला थोडी सवलत म्हणून त्यांनी आमच्यापुढं दोन वाटा ठेवल्या. खात्रीचा दुसरा हात घ्यायचा आणि उरलेले तीन हात बाकीच्यांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायचे. किंवा आम्हीही चिठ्ठ्यांच्या पायलीत उतरायचं. मग आमच्या दोन चिठ्ठ्या, बाकीच्यांची एकेक, आणि ज्याची चिठ्ठी आधी निघेल त्याचा हात आधी.

"दोन दिवसांत सांगा," मास्तर म्हणाले.

मुंबईकर चारच आले होते. त्यांचा क्रम सगळ्यांना तोंडपाठ होता. पहिला तो उंच भाचा. दुसरा एका बँकेतला, लांबून अचूक मारणारा. तिसरा बरा, धावायचा खूप. चौथा दादा. त्यानं या वर्षी नाव दिलं होतं. आईनं विचारलं तर म्हणाला, "यंदाच्याला खेळतो, मग बास."

तो आल्या दिवसापासून रोज संध्याकाळी पडवीत मी त्याच्या गुडघ्याला तेल चोळायचो. पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला सांगितलं होतं, "सरळ धावलो तर कळत नाय. डावीकडं वळलो की जीव जातो. पण कुणाला बोलू नको हां." मी नाही बोललो, कुणालाही.

दुसऱ्या दिवशी आमचा संघ आमच्याच पडवीत जमला. एकजण म्हणाला, देवाला कौल लावूया. कौल लावायचा तर गुरवाकडे जायला हवं आणि गुरवाचा पुतण्या वरच्या आळीतून खेळायचा. देवाला लावलेली पाकळी कुठल्या बाजूला पडेल याची कुणाला शंका नव्हती. ते तिथंच राहिलं. बाकी सगळे खात्रीच्या बाजूचे होते. मीही. आमच्या रक्तातच ते होतं. वडील आमची तीन कलमं दरवर्षी मोहोरावरच व्यापाऱ्याला देऊन टाकायचे. मग पाऊस पडो, मोहोर गळो, आमची झोप शाबूत. एखाद्या वर्षी आंबा लगडायचा, व्यापारी पेट्यांवर पेट्या भरून न्यायचा आणि आम्ही पडवीत बसून बघायचो. वडिलांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

दादा कोपऱ्यात ऐकत होता. तो आत गेला आणि आईचा चिंचोक्यांचा डबा घेऊन आला. काही चिंचोके फोडून पांढरे केले, बाकीचे तसेच काळे ठेवले आणि सारवलेल्या जमिनीवर ओळी मांडायला लागला. एका ओळीत पाच, दोन पांढरे, तीन काळे. पांढऱ्या म्हणजे आमच्या चिठ्ठ्या. त्या दोन पांढऱ्यांच्या जागा बदलत बदलत त्यानं किती तऱ्हा होतात त्या सगळ्या मांडल्या. दहा ओळी झाल्या.

"ह्ये बग, बाव," तो मला म्हणाला. माझ्याशी लाडात असला की तो मला बाव म्हणायचा. "ह्या चार ओळींत पांढरा पयला निघतो. म्हणजे दहात चार वेळा पयला हात आपला. ह्या तिनांत दुसरा. म्हणजे दहात सात वेळा आपण दुसरा नायतर त्याच्यापेक्षा वर. मग खात्री घेऊन काय मिळवलंस?"

"आणि बाकीच्या तीन?"

"दोन वेळा तिसरा हात." त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तीन काळे आणि मग दोन पांढरे. "एक वेळा चवथा."

हिशोब बिनचूक होता. आजही मी तो मांडून बघतो आणि चूक सापडत नाही. पण मला त्या तीन ओळी दिसत होत्या. दहात तीन वेळा आळी जाते. तीही मी आमच्याच रिंगेत टाकलेल्या चेंडूपायी. वर्षभर लोकांनी मला बाजारात, कोर्टाच्या आवारात, जिथं मी टायपिंगला बसायचो तिथंसुद्धा विचारलं होतं, काय कप्तान, कुठल्या रिंगेत टाकणार? पक्षकारसुद्धा अर्ज टाइप होईपर्यंत हसून घ्यायचे. मी मनाशी पक्कं केलं होतं, की काही झालं तरी या वर्षी शेवटचं यायचं नाही. मला मोठं बक्षीस नको होतं. पायाखाली जमीन हवी होती.

दादा बोलतच होता. सव्वासहा फूट आपल्याकडे आलं तर काय होईल, ते दुसरीकडे गेलं तर आपण कसे मरू. त्याचा आवाज चढला. दोघातिघांच्या माना हलायला लागल्या. माझा पारा चढला. माझा पारा चढायला तेव्हा फार काही लागायचं नाही.

"तुझं काय जातंय?" मी सगळ्यांसमोर म्हणालो. "चिठ्ठी वाईट निघाली तर चौथा हात. म्हणजे तू आमच्यात. म्हणून चाललंय हे सगळं."

आई आतून दारापर्यंत आली होती, ती तिथंच थांबली. दादानं माझ्याकडे बघितलं, मग चिंचोके एकेक करून डब्यात भरले. शेवटची ओळ त्यानं सगळ्यात शेवटी उचलली. "कप्तान तू हायस," तो म्हणाला आणि आत गेला.

मी मास्तरांना दुसरा हात सांगून आलो.

चिठ्ठ्या काढल्या त्या मास्तरांच्या सासूबाईंनी. त्यांना वाचता येत नव्हतं आणि चारही आळ्यांत त्यांचं भांडण झालेलं होतं, त्यामुळे त्या निःपक्षपाती होत्या. भात मोजायच्या पायलीवर केळीचं पान झाकलं होतं. त्यांनी हात घातला. पहिला हात बंदरवाडी. मावशीकडे भाचा गेला, बंदरवाडीच्या पायऱ्यांवर नुसता कल्लोळ. मग मास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

चौघांतले तिघं रांगेत उभे होते. दादा टोकाला. त्यानं ठाण्याच्या कंपनीची जुनी बंडी घातली होती, पाठीवरचा आकडा धुऊन धुऊन फिका झालेला. तो माझ्याकडे बघत नव्हता, समोरच्या भिंतीकडे बघत होता. माझ्या तोंडात त्याचं नाव आलं होतं हे खोटं नाही. एका श्वासापुरतं आलं होतं. मग मी बँकेतल्याचं नाव घेतलं.

तिसरा हात स्टँडामागच्यांचा, त्यांनी तो धावणारा नेला. मग रांगेत एकटा दादा उरला. ज्याला चार वर्षं पहिल्या हातात उचलत होते, त्याला त्या दिवशी कुणी उचललं नाही. तो उरला म्हणून वरच्या आळीचा झाला. त्यांचा कप्तान सभ्य होता, पुढं येऊन म्हणाला, "या दादा." दादा हसला आणि चालत गेला, अगदी सरळ, डावीकडे न वळता.

बंदरवाडीचा कप्तान मला खिजवायला म्हणाला, "तुमच्या दोन चिठ्ठ्या टाकून परत काढून बगू या काय? म्हणजे कळंल तरी काय चुकलं." मी नको म्हणालो. ते कळून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

बँकेतला चांगला खेळला, त्याबद्दल तक्रार नाही. पण सारवणावरचा चेंडू त्याला उशिरा समजला आणि आम्ही बंदरवाडीशी हरलो, स्टँडामागच्यांशी हरलो. वरच्या आळीला हरवलं, कारण दादाचा गुडघा त्या दिवशी सुजला होता आणि तो बसून होता. बसल्या बसल्यासुद्धा तो त्यांना शिकवत होता. चार दिवसांत ती पोरं वेगळीच खेळायला लागली. घरी संध्याकाळी मी तेल घेऊन बसायचो, तो पाय पुढं करायचा आणि आम्ही आंबा, पाऊस, वडिलांचा खोकला असल्या गोष्टी बोलायचो. सामन्याचा विषय दोघांनीही काढला नाही.

शेपटाची मॅच पुन्हा आमची आणि वरच्या आळीची. या वेळी हरायला कुणी आलं नव्हतं. आम्ही हरलो तर आमची आळी बाद. दादा खेळायला उतरला आणि थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मला अडवायला. मला कसं अडवायचं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? मी चेंडू कुठल्या हातात घेणार, कधी मान खाली घालणार, हे त्याला माझ्याआधी कळायचं. पहिल्या अर्ध्यात माझी एकही बास्केट झाली नाही. त्याच्या कपाळावरून घाम ठिबकत होता, गुडघ्याला पट्टी होती, आणि तो मला तसूभर सोडत नव्हता. मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं होतो. चेंडू माझ्याकडे आला, मी उजव्या कोपऱ्यात. मास्तर घड्याळाकडे बघायला लागले होते. बँकेतला पलीकडे अडकलेला. लांबून मारायचा एक मार्ग होता, तो लागला तर लागला. दुसरा मार्ग दादाच्या डाव्या बाजूनं. तो मोकळा होता हे त्या खाणीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी डाव्या बाजूनं घुसलो.

दादा वळला. त्यानं वाट सोडली असती तर त्याला काही झालं नसतं, पण त्यानं सोडली नाही. तो पूर्ण वळला आणि त्याचा पाय त्याच्याखालून गेला. मी त्याच्या अंगावरून पुढं गेलो, रिंगेखाली पोचलो आणि चेंडू आत टाकला. शिटी वाजली. आमची आळी राहिली. पोरांनी मला उचललं. मी वरून बघितलं, दादा सारवणावर बसला होता, दोन्ही हातांनी गुडघा धरून, बंडीवर शेणाचे आणि चुन्याचे पट्टे. वरच्या आळीचा कप्तान त्याला उठवत होता.

घरी जेवताना आईनं दादाला आधी वाढलं, मग वडिलांना, मग मला. तिला काय दिसलं होतं हे मला तिच्या हाताकडे बघून कळत होतं. त्या संध्याकाळी मी तेलाची वाटी घेऊन पडवीत गेलो तर दादा म्हणाला, "आज राहू दे. हात लावला तरी दुखतंय." मी वाटी घेऊन तसाच बसून राहिलो. आळी वाचवल्याचा आनंद कुठं गेला होता कुणास ठाऊक.

सकाळी त्यानंच मला उठवलं. एका हातात काठी, काखेत चेंडू. "चल," म्हणाला. खाणीत कुणी नव्हतं. पायऱ्यांवर आदल्या दिवसाच्या शेंगांची टरफलं पडली होती. त्यानं मला उजव्या कोपऱ्यात उभं केलं, जिथून मी काल मारलं नव्हतं, अगदी तिथं.

"दहा टाक."

मी टाकायला लागलो. तो आंब्याच्या रिकाम्या पेटीवर बसला होता आणि खिशातून चिंचोके काढून मोजत होता. लागला की पांढरा, चुकला की काळा. दहा झाले. मी जवळ जाऊन बघितलं. चार पांढरे होते.

"दहात चार," तो म्हणाला.

"म्हणजे काल टाकायला हवा होता?"

"नाय. काल केलंस त्येच बरोबर. चार वेळा आळी राहिली असती नि सहा वेळा गेली असती." त्यानं पाय जरा हलवला, तोंड वाकडं झालं. "माजा पाय तुला म्हाईत व्हता. तिकडनं गेला नसतास तर मी तुला काय शिकवलं?"

"त्या दिवशी पडवीत मी बोललो ते—"

"त्ये खोटं नव्हतं."

मी त्याच्याकडे बघितलं. तो चिंचोके हातात खुळखुळवत होता.

"तसं तो उंच पोरगा तुला मिळावा असंच मला वाटत व्हतं. हिशोबपण खराच मांडला," तो म्हणाला. "पण ती शेवटची ओळ मांडताना हात थांबला माजा. वाटलं, येऊदे. दहातली एकच, पण येऊदे. आपल्या आळीतनं एकदा खेळायचं व्हतं रे मला. ह्या रिंगा मी लावल्या."

"मग सांगायचं होतंस. दुसऱ्या हातात तुझं नाव घेतलं असतं."

"म्हणून तर सांगितलं नाय. घेतलं असतंस, नि आळी गेली असती. थोबाडच फोडलं असतं तुजं."

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. तेवीस वर्षांचा होतो, कोर्टातल्या लोकांचे खटले टाइप करणारा, त्याच्यासमोर पोरासारखा रडलो. खात्री घेतली याची मला लाज नव्हती, आजही नाही. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा दुसराच हात सांगेन. पण ज्याला आळीबाहेर ठेवून मी ती खात्री घेत होतो त्याच्या तोंडाकडे तेव्हा एकदा नीट बघायला हवं होतं.

दादानं मला रडू दिलं. मग काठीनं माझ्या पायाला टोचलं. "ऊठ. ऊन चढायच्या आत."

तो लंगडत रिंगेच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला, काठी भिंतीला लावून ठेवली आणि चेंडू मागितला. मी दिला. त्यानं तो मला परत फेकला, छातीच्या उंचीवर, जसा मी शिडी धरणारा होतो तेव्हा फेकायचा तसा. मी रिंगेत टाकला. त्यानं पुन्हा फेकला. समोर कुणी नव्हतं. तो पास देत होता, मी टाकत होतो, आणि ऊन खाणीच्या तळाला पोचेपर्यंत आम्ही थांबलो नाही. किती लागले ते कुणी मोजलं नाही. आमच्या आळीच्या संघातून दादा खेळला तो तेवढाच.